टीव्हीचा पडदा पुसताना

रविवारी घर आवरायला काढले की भांड्यांच्या फळीपासून सुरुवात होते आणि शेवटी हातातले ओले फडके टीव्हीवर फिरते. जुन्या डबा टीव्हीला ते चालून जाई, कारण त्याच्या तोंडाशी जाड काच होती. आजच्या एलईडी टीव्हीला बहुधा काच नसतेच. समोर दिसतो तो प्लास्टिकचा पातळ थर, त्यावर उजेड चमकू नये म्हणून नाजूक लेप. खिडकीच्या काचेचा स्प्रे, थिनर, स्पिरिट, रॉकेल यांनी हा लेप खराब होतो आणि पडद्यावर कायमचे डाग राहतात. हप्त्यांवर घेतलेल्या टीव्हीचा हाच सर्वांत महाग भाग. पाणी शिरून झालेली खराबी सहसा वॉरंटीतही बसत नाही.

पुसण्याआधी टीव्ही बंद करून प्लग काढावा व तो थंड होऊ द्यावा. काळ्या पडद्यावर धूळही नीट दिसते. चष्म्यासोबत मिळते तसल्या मऊ, कोरड्या फडक्याने अलगद पुसावे. दाबू नये. वर्तमानपत्राने तर मुळीच पुसू नये, ओरखडे पडतात.

पण आपल्यापैकी अनेकांची खोली एकच. फोडणी तिथेच, टीव्हीही तिथेच. त्या तेलकट थराला कोरडे फडके पुरत नाही. अशा वेळी फडक्याचे एक टोक ओले करून घट्ट पिळावे, हलक्या हाताने पुसावे आणि लगेच कोरडे टोक फिरवावे. पाणी पडद्यावर कधीही शिंपडू नये. ते ओघळून खालच्या कडेने आत शिरते व पॅनेल जाते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर बरे. गॅरेजवाल्याकडून आणलेत तर बाटलीत बॅटरीचे ॲसिड नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

मोबाइलला वर काच असते, पण बोटांचा तेलकटपणा चिकटू नये म्हणून तिच्यावरही लेप असतो. टूथपेस्टने ओरखडे जातात असे मुले सांगतात, ते ऐकू नये. टूथपेस्ट हा लेपच घासून काढते. ॲपल कंपनीने २०२० साली आपल्या फोनसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या पुसणीला परवानगी दिली. तो उपाय टीव्हीवर करू नये.

अजून कुणाकडे डबा टीव्ही असेल तर पुढची काच खुशाल पुसा, मागचे झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा धक्का देईल इतकी वीज साठून राहू शकते.