'टाइमप्लीज' आणि लिंबूटिंबू



गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक घडली. रविवार होता, ताटे वाढली होती, आणि चार हाका मारूनही चिरंजीव व्हिडिओ गेमसमोरून उठेनात. मी सरळ जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले. पोरगा रडला नाही, भांडला नाही. एवढेच म्हणाला, "बाबा, दोन मिनिटांत सेव्ह झालं असतं. सगळ्या संध्याकाळचं गेलं." त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही.

कारण हे दुःख मला ठाऊक होते. 2003 च्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेशात वीज, रस्ते आणि पाणी हेच मुद्दे गाजले, हे पालकांना आठवत असेल. त्या दिवसांत इंदुरात दिवे केव्हा जातील याचा नेम नसे. आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत असू. जॉर्डन मेकनर यांनी 1989 साली केलेला हा खेळ एका तासात संपवायचा असे. राजपुत्र मेला की टप्पा पुन्हा खेळायचा, घड्याळ मात्र पुढेच पळे. तिसऱ्या टप्प्यापासून 'कंट्रोल' आणि 'जी' ही बटणे एकत्र दाबली की खेळ साठवता येई. आम्ही ती शत्रूच्या तलवारीला भिऊन नव्हे, तर दिवे जातील म्हणून दाबत असू.

ही सोय तशी जुनीच. 1987 साली अमेरिकेत आलेल्या 'द लिजंड ऑफ झेल्डा'च्या कॅसेटमध्ये छोटी बॅटरी होती. यंत्र बंद केले तरी खेळ शाबूत राही. आपल्या अंगणातले 'टाइमप्लीज' तरी दुसरे काय आहे? बुटाची नाडी सुटली, आईने हाक मारली, की 'टाइमप्लीज' म्हणायचे. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. मात्र पकडला जाताना जो दर वेळी 'टाइमप्लीज' ओरडतो, त्याला पुढे कोणी खेळायला घेत नाही. माझा मुलगा प्रत्येक उडीआधी सेव्ह करतो. मग उडीची धास्ती राहत नाही, आणि जमल्याचा आनंदही उरत नाही. म्हणून माझी आवड सांगतो : उठायचे असेल तेव्हा खुशाल सेव्ह करावे, पण खेळताना टप्पा संपेपर्यंत थांबावे.

आता अवघडपणाचे पाहू. 2019 च्या 'सेकिरो' या खेळात सोपे-अवघड निवडायची सोयच नाही; जमेल तो पुढे जाईल. उलट 2018 च्या 'सेलेस्ट'मध्ये खेळाची गती कमी करता येते, हवे तर न मरण्याची सवलतही घेता येते. मुलांमध्ये यावरून वाद होतात. सोपे खेळणाऱ्याला चिडवतात. मला हे पटत नाही. डबा ऐसपैस खेळताना आपण धाकट्यांना लिंबूटिंबू करून घेत नव्हतो का? त्याच्यावर राज्य येत नसे, तरी तो पळायचा, लपायचा, डाव शिकायचा. आणि एक दिवस तोच म्हणायचा, "आता माझ्यावरही राज्य येऊ द्या." अवघडपणा असा आपण होऊन मागून घ्यावा. लादला तर मूल डावच सोडून जाते. गणिताच्या बाबतीत हे आपण पाहतोच.

पालकांना एवढीच विनंती, की हुकूम सोडण्याआधी "सेव्ह कुठे होईल?" असे एकदा विचारा. मुलांनो, तुम्ही सांगितलेल्या जागी सेव्ह होताच उठा. तिथे नवा टप्पा सुरू करायचा नाही. विश्वस्त मंडळींनाही सुचवावेसे वाटते, की उन्हाळी शिबिरात संगणकाचे खेळ ठेवले तर सर्वांना एकाच पातळीवर झुंजवू नये. ज्याची पातळी त्याला निवडू द्यावी.

आमच्या घरी आता ताटे वाढण्याच्या पंधरा मिनिटे आधी सूचना जाते. परवा आमटी जरा निवली खरी. पण चिरंजीव हाक न मारता आले, आणि पाणीही त्यांनीच वाढले.