रिकाम्या हौद्याची शर्यत

सप्टेंबर 1991 मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने जीएमसीची सायक्लोन ही छोटी पिकअप फेरारी 348 च्या शेजारी उभी केली. पाव मैलाचं अंतर पिकअपने 14.1 सेकंदांत कापलं, फेरारीला 14.5 लागले. एकीची किंमत सुमारे 26 हजार डॉलर, दुसरीची एक लाख वीस हजारांच्या वर. सर्वांत थोर वेगवान पिकअप कोणती, हा वाद तेव्हापासून सायक्लोनच्या बाजूने मिटल्यासारखाच आहे. माझ्या मते तो मान 1993 च्या फोर्ड एफ-150 लायटनिंगचा आहे, घड्याळात ती बरीच मागे असली तरी.

सायक्लोनचं यंत्र अफलातून होतं, यात वाद नाही. 4.3 लिटरचं व्ही-6 इंजिन, त्याला टर्बो, 280 अश्वशक्ती, आणि ताकद चारही चाकांना. पण तिच्या हौद्यात किती माल घालायचा? कंपनीनेच सांगितलेली मर्यादा 500 पौंड, म्हणजे जेमतेम 227 किलो. तीन धट्टीकट्टी माणसं बसली की संपलं. चारही चाकं फिरवणारी ही गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊ नका, अशी ताकीदही कंपनीचीच! लायटनिंगचं 5.8 लिटरचं व्ही-8 इंजिन त्यामानाने जुन्या वळणाचं; 240 अश्वशक्ती, आणि ताशी 60 मैलांचा वेग गाठायला सात सेकंदांहून जास्त वेळ. मात्र फोर्डने तिची चौकट अधिक मजबूत केली आणि 5,000 पौंडांचा ट्रेलर ओढण्याची क्षमता तिच्यात राखली. साध्या एफ-150 इतका भार तीही वाहत नव्हती, हे कबूल. तरी सोमवारी तिला कामाला जुंपता येत होतं.

यावर सायक्लोनचे चाहते म्हणतात, असल्या गाड्या माल वाहायला घेतो कोण? प्रश्न रास्त आहे, पण तो उलटतो त्यांच्यावरच. माल वाहायचाच नसेल तर हौदा हवा कशाला? जीएमसीलाही हे उमगलं असावं, कारण पुढच्याच वर्षी तेच इंजिन तिने टायफून या बंद पाठीच्या गाडीत बसवलं, आणि ती सायक्लोनहून जास्त बनली. सायक्लोन तीन हजारांच्या आतच थांबली. पहिल्या लायटनिंगच्या तीन वर्षांत 11,563 गाड्या निघाल्या. निव्वळ खपावरून थोरवी ठरत नाही, हे खरं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टर्बो व्ही-6 चा मार्ग सायक्लोनचा होता, आणि 2011 पासून फोर्डनेही एफ-150 मध्ये तसंच इंजिन दिलं. तंत्रापुरती ही हार मी मान्य करतो. पण फोर्डने ते इंजिन बसवलं ते भार ओढणाऱ्या गाडीत, आणि लायटनिंगचा आग्रह नेमका तोच होता. 2022 मध्ये हेच नाव घेऊन आलेली विजेवरची एफ-150 सायक्लोनहूनही चपळ निघाली, आणि तिच्या हौद्यात सायक्लोनच्या दुपटीहून कितीतरी जास्त माल मावतो.