आवक शून्य, जावक तीनशे

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वर्तमानपत्र अजून पुरते उलगडलेही नव्हते, तोच खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे राहिले. एस.टी.तून निवृत्त झालेले, मितभाषी, कुणाचे चार आणे अंगावर न ठेवणारे. मागे त्यांची मुलगी. म्हणाले, ‘‘साहेब, जरा हे बघता का? तुम्ही बँकेतले, म्हणून आलो.’’ बँक सोडून मला सात वर्षे झाली. पण आमच्या इमारतीत मी अजून बँकेतलाच आहे. मधल्या काळात छापून आलेल्या कादंबऱ्यांनी त्यात काही फरक पडलेला नाही.

मुलीच्या मोबाइलवर नेमणूकपत्र होते. वर झोकदार बोधचिन्ह, मग बत्तीस हजार पगार, घरी बसून हिशेबाचे काम, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक अट: लॅपटॉपच्या विम्यापोटी साडेसहा हजार रुपये आज संध्याकाळपर्यंत भरावेत, पहिल्या पगाराबरोबर ते परत मिळतील. नोंदणीचे म्हणून दीड हजार आधीच गेले होते. पैसे कुणाच्या नावावर जाणार, एवढेच मी पाहिले. यूपीआयवर कंपनीचे नाव नव्हते. कुणा एका इसमाचे होते. छत्तीस वर्षे लोकांची खाती उघडण्यात आणि तपासण्यात गेलेल्या माणसाला तेवढे पुरेसे होते. ‘‘एक पैसाही भरू नका,’’ मी म्हणालो, आणि गेलेल्या दीड हजारांची तक्रार तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवायला लावली.

वडिलांचा जीव भांड्यात पडला. मुलीच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. ‘‘काका, आठ महिन्यांत तीनशेच्या वर अर्ज केले. उत्तर आले ते हे एवढेच.’’

तीनशे दारे ठोठावली आणि उघडले ते एकच, तेही चोराचे. मला दीड हजारांपेक्षा हे अधिक लागले. नोकरी शोधण्याची इतकी साधने मुलांच्या हाताशी आलेली असताना हे असे का व्हावे, याचा मी त्या दिवसापासून विचार करतो आहे.

आमच्या वेळी सारेच अवघड होते. सेवायोजन कार्यालयासमोर रांग लावून नाव नोंदवायचे, मिळालेले कार्ड जपायचे, मुदत संपण्याआधी ते पुन्हा नवे करून आणायचे. अर्ज टंकलिखित हवा, गुणपत्रिकेच्या प्रती साक्षांकित हव्यात, त्यासाठी राजपत्रित अधिकारी शोधत हिंडायचे. पोस्टल ऑर्डर वेगळी, स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट वेगळे. १९८२ साली मी बँकेत लागलो आणि पुढे काही वर्षे डिमांड ड्राफ्टच्या काउंटरवर बसलो. परीक्षांची शुल्के भरायला मुले तिथे येत. एकाने मला विचारले होते, ‘‘साहेब, या महिन्यात एकच ड्राफ्ट परवडतो. दोहोंपैकी कुठला काढू?’’ तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून ‘आमच्या वेळी कसे छान होते’ असले गळे काढण्याची मला हौस नाही.

तो अडसर दूर झाला, हे फार चांगले झाले. १९९७ साली आपल्याकडे ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले, २००३ मध्ये अमेरिकेत ‘लिंक्डइन’ लोकांसाठी खुले झाले, २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे विनामूल्य पोर्टल आणले. आपल्या राज्याचे ‘महास्वयम’ आहेच. २०११ पासून ‘आयबीपीएस’च्या सामाईक परीक्षेमुळे एका अर्जावर अनेक सरकारी बँकांची दारे किलकिली होऊ लागली. सावंतवाडीच्या मुलीला जाहिरात दिसते त्याच क्षणी ती दादरच्या मुलालाही दिसते. पहिली मुलाखत पडद्यावर होते. रात्रीच्या गाडीचे भाडे आणि मुंबईतल्या नातेवाइकांचे उपकार, दोन्ही वाचतात. हा बदल लहान नाही.

पण अर्ज करणे सोपे झाले ते सगळ्यांनाच. बटण दाबले की अर्ज गेला, म्हणून प्रत्येक जण शंभर अर्ज करतो. मग एका जागेसाठी ढीग साचतो. ढीग माणसाने वाचणे शक्य नसते, म्हणून तिथे यंत्राची चाळणी बसते. आणि चाळणीतून आपण पडतो आहोत असे दिसले, की उमेदवार आणखी शंभर अर्ज करतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अर्ज लिहून घेता येतो, त्यामुळे ढीग अधिकच उंच झाला आहे. एका बाजूला यंत्र लिहिते, दुसऱ्या बाजूला यंत्र वाचते, आणि मधल्या मध्ये खालच्या मजल्यावरची मुलगी रात्री दोन वाजता मोबाइल बघत बसते.

ही चाळणी नेहमी शहाणी असते असेही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ८८ टक्के मालकांनी मान्य केले की, जाहिरातीतल्या अटींशी शब्दशः जुळत नाहीत एवढ्याच कारणाने उच्च कौशल्याचे लायक उमेदवार त्यांच्या यंत्रणेतून गळून पडतात. कामात सहा महिन्यांहून अधिक खंड दिसला की अर्ज बाजूला टाकणाऱ्या कंपन्याही त्यात होत्या. अ‍ॅमेझॉनने स्वतःसाठी तयार केलेले असे एक यंत्र स्त्रियांचे अर्ज मागे सारायला शिकले होते. ते कंपनीने मोडीत काढल्याची बातमी २०१८ मध्ये आली. आमच्या या मुलीने आईच्या आजारपणात वर्षभर नोकरी सोडली होती. घरात ज्या गोष्टीसाठी तिचे कौतुक झाले, तीच गोष्ट अर्जात ‘खंड’ ठरलेली असू शकते.

दुसऱ्या रविवारी मी तिला दोनशे पानी वही घेऊन यायला सांगितले. बँकेत आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची तारीख, क्रमांक आणि त्याचे पुढे काय झाले, याची तीत नोंद होते. तशीच वही आम्ही आखली: तारीख, कंपनी, जागा, कोणता बायोडेटा पाठवला, तिथे कोण माहितीचे, उत्तर काय. पहिल्याच दिवशी उघडकीला आले की, तीनशेपैकी निम्म्याहून अधिक जागांना ती पात्रच नव्हती, किंवा त्या जाहिराती कधीच शिळ्या झालेल्या होत्या. जावक तीनशे दिसत होती. खरी जावक शंभरही नव्हती.

मग बायोडेटा काढला. कुठल्याशा अ‍ॅपवर केलेला, दोन रकान्यांचा, रंगीत पट्ट्यांचा, कौशल्यापुढे तारे काढलेला. दिसायला लग्नपत्रिकेसारखा देखणा. पण असल्या मांडणीत यंत्राचा वाचताना गोंधळ उडू शकतो. आम्ही तो साधा, एका रकान्याचा केला. ‘हिशेबाची सर्व कामे’ असे मोघम लिहिले होते. तिथे टॅली, जीएसटी विवरणपत्रे, बँकेच्या खात्याचा ताळमेळ असे स्पष्ट लिहिले, आणि तेही जाहिरातीतल्या शब्दांत. जे येत नाही ते मात्र लिहू दिले नाही. मुलाखतीत खोटेपणा दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. आईच्या आजाराचे वर्ष लपवले नाही. एका ओळीत कारण लिहिले आणि त्याच काळात केलेला जीएसटीचा अभ्यासक्रम तिथेच नोंदवला. पोर्टलवर तीनच प्रकारच्या जागांच्या सूचना लावल्या, आणि आठवड्याला पाचच अर्ज, असे ठरवले.

खरी अडचण आली ती माणसांपाशी. मी म्हणालो, ‘‘तुझ्या कॉलेजची कोण मुले कुठे नोकरीला आहेत, लिंक्डइनवर शोध आणि त्यांना लिही.’’ वडील लगेच म्हणाले, ‘‘साहेब, वशिला आम्हाला नको.’’

मराठी मध्यमवर्गीय घरातला हा स्वाभिमान मला ठाऊक आहे आणि प्रियही आहे. पण वशिला आणि ओळख यांत फरक आहे. लायकी नसताना दार उघडून घेणे हा वशिला. दार कुठल्या गल्लीत आहे हे विचारणे यात कसली लाज? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाकडून कळलेली नसते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेली असते. कारण सोपे आहे. जवळच्यांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे दोन कोटी लिंक्डइन सभासदांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्षही थोडाफार तसाच निघाला: फार घट्ट नाही, अगदी तुटकही नाही, अशी ओळख कामी येते. या साधनांचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. अर्ज फेकण्यापेक्षा माणूस शोधण्यासाठी ती वापरावीत.

तिने दोन वर्षे पुढे असलेल्या एका मुलीला चार ओळी लिहिल्या. नोकरी मागितली नाही. ‘तुमच्या कार्यालयात हिशेब विभागात काय काम असते, आणि मला काय शिकावे लागेल’ एवढेच विचारले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. वहीच्या आवक बाजूला ती पहिली खरी नोंद.

वाचकांत ज्यांच्या घरी नोकरी शोधणारे मूल असेल, त्यांना बँकेतला माणूस म्हणून दोनतीन गोष्टी सांगतो. सरकारी परीक्षेचे शुल्क अधिकृत संकेतस्थळावर भरावे लागते, ते वेगळे. पण नोकरी देतो म्हणून नोंदणी, विमा, अनामत, प्रशिक्षण यांपैकी कशाच्याही नावाने खासगी कंपनी पैसे मागत असेल, तर ती नोकरी नव्हेच. ओटीपी कुणाला सांगू नये. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, कमिशन मिळेल’ असे काम मिळाले, तर ते चोरीच्या पैशाची वाहतूक करणे आहे; खाते गोठते आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात. परदेशातील नोकरीचा एजंट सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते आधी पाहावे. थायलंडमधल्या संगणकाच्या नोकरीच्या नावाखाली आपल्या मुलांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याच्या प्रकारांबाबत परराष्ट्र मंत्रालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता.

आणि मुलांना रागावू नये. फसलेले मूल मूर्ख नसते. बहुधा ते थकलेले असते. आठ महिने कुणीच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणाले नाही, की पहिल्या ‘हो’वर विश्वास बसतो. तो गोड बोलणारा इसम नेमका याच थकव्यावर जगतो.

म्हणून शेवटचा शब्द नोकरी देणाऱ्यांसाठी. आमच्या शाखेत आलेल्या पत्राला उत्तर गेले नाही, तर तपासणी अधिकारी नोंदवहीवर लाल शाईने शेरा मारीत. आज हजार जणांना नकार कळवायला एक बटण पुरते. ज्या यंत्राने अर्ज चाळला तेच ते दाबू शकते. दोन ओळींचा नकार आला, तरी मूल दुसऱ्या वाटेला लागते.

तिला अजून नोकरी लागलेली नाही. गेल्या सात आठवड्यांत अर्ज चौतीस, उत्तरे सहा. त्यांतले चार नकार, एक ‘पुढच्या तिमाहीत बघू’, आणि एका ठिकाणी परवा, मंगळवारी दुसरी मुलाखत आहे. काल संध्याकाळी ती वही दाखवायला आली होती. नकार आले त्या तारखांपुढेही तिने व्यवस्थित आवक क्रमांक घातले आहेत.