आकडा छापून आला, चित्र राहून गेले

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज लिलावात एम. एफ. हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ हे 1954 सालचे चित्र सुमारे 118 कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराचा हा आकडा सर्वतोमुखी झाला. पण तेरा चौकटींत दळणाऱ्या, दूध काढणाऱ्या बाया आणि बैलगाड्या मांडून हुसेन नव्या स्वतंत्र देशाविषयी काय सांगत होते, यावर किती लिहिले गेले? हे चित्र काढले त्याच वर्षी एका डॉक्टरांनी विकत घेतले आणि पुढे ते ओस्लोतील रुग्णालयात दशकानुदशके अभ्यासकांच्या नजरेआड राहिले. अखेर ते लोकांसमोर आले, तेही लिलावामुळे.

एकेकाळी क्रम उलटा होता. चित्रकार के. एच. आरा मोटारी धुऊन पोट भरत होते, तेव्हा टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी त्यांची गुणवत्ता हेरली. 1946 मध्ये मुल्कराज आनंद यांनी मुंबईत ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक सुरू केले. आरा, हुसेन, रझा यांचा प्रोग्रेसिव्ह चित्रकार गट स्थापन झाला तो त्यानंतर, 1947 मध्ये. कलासमीक्षक ज्ञानेश्वर नाडकर्णी मराठीत आणि इंग्रजीत सारख्याच अधिकाराने लिहीत. चित्रकार गायतोंडे यांच्यावरची त्यांची पुस्तिका ललित कला अकादमीने, म्हणजे सार्वजनिक पैशाने, काढली. गायतोंडे यांच्या चित्रांना कोटींचे भाव आले ते पुष्कळ नंतर. समीक्षक आधी बोलत असे, बाजार मागाहून येई.

आज वृत्तपत्रांतली समीक्षेची जागा आक्रसली आहे. रंगीत चित्रांचे पुस्तक छापणे महाग, म्हणून देखणे ग्रंथ बहुधा गॅलऱ्या आणि लिलावगृहेच काढतात. त्यातले काही अभ्यासपूर्ण असतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्याला चित्रे विकायची आहेत तोच लेखकाला मानधन देत असेल, तर ‘हे चित्र फसले आहे’ हे वाक्य त्या ग्रंथात येणार नाही. ज्यांची चित्रे बाजारात फिरत नाहीत, त्यांच्यावर तर ग्रंथच निघणार नाही. हुसेन आणि रझा यांच्याच गटातल्या ह. अ. गाडे, सदानंद बाकरे यांच्याविषयी त्या मानाने किती थोडे लिहिले गेले, ते पाहावे.

म्हणून समीक्षकाचे काम संपलेले नाही, ते बदलले आहे. कोण मोठा हे जाहीर करण्याचा अधिकार त्याच्याकडून गेला असेल. पण चित्रासमोर उभे राहून नीट पाहणे, कागदपत्रे तपासणे, विस्मरणात गेलेल्यांची नोंद करणे, हे विक्रीशी संबंध नसलेल्या माणसानेच करायला हवे. मराठीत हे घडू शकते. 1987 पासूनचे ‘चिन्ह’ हे कलाविषयक नियतकालिक आणि 2013 मध्ये सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड ही त्याची भक्कम उदाहरणे आहेत. मात्र अशी कामे दोनचार माणसांच्या जिद्दीवर किती काळ चालायची?

दोन गोष्टी तातडीने करता येतील. समीक्षेसाठी चित्राचा वाजवी वापर करण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात आहे. अडते ते चांगले छायाचित्र मिळण्यावर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये स्वामित्वहक्क संपलेल्या आपल्या कलाकृतींची लाखो छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली. आपल्या सरकारी संग्रहालयांनीही तसे करावे. आणि राज्य शासनाने, विद्यापीठांनी मराठी कलासमीक्षेसाठी पाठ्यवृत्ती द्यावी, लेखकाला पुरेसे मानधन आणि पुरता वेळ द्यावा. कोटींच्या बोली लागणाऱ्या क्षेत्रात स्वतंत्र लेखकाला फुकट लिहावे लागत असेल, तर उद्या आपल्या कलेचा इतिहास म्हणून विक्रीच्या याद्याच उरतील.