जुनी सीट घेताना
‘निम्म्या किमतीत मिळतेय’ एवढ्यावर बुलेटसाठी कुणाची वापरलेली टूरिंग सीट घेऊ नये. सीटमध्ये आधी बाद होतो तो फोम, आणि नेमका तोच रेक्झिनखाली झाकलेला. कव्हर चकाचक असते, पण शिवणीतून पावसाळ्याचे पाणी आत मुरलेले असते; अंगठा रोवून दाबा, खड्डा तसाच राहिला किंवा शिवणीशी ओल आली तर समजा फोम गेला. ‘बसून बसून छान मऊ झालीय’ हे विक्रेत्याचे म्हणणे तर त्याच्याच विरोधात जाते: ती बसलीय त्याच्या वजनाला, तुमच्या नव्हे. मग घ्यायचीच नाही? घ्यावी, पण खालच्या पत्र्यासाठी. तो गंजलेला नसावा, लॉकची खुंटी सरळ असावी आणि मॉडेल तेच असावे (२०२१ मध्ये क्लासिक ३५० ची चेसिसच बदलली, त्यामुळे आधीच्या गाडीची सीट नंतरच्या गाडीला चालेल असे धरू नका). फोम-कव्हर सीटवाला नवे करून देतो. तो खर्च वजा करूनच भाव ठरवा. मग आपली मूळ सीटच का भरून घेऊ नये, हा आक्षेप रास्त आहे, आणि बहुतेकांनी तेच करावे. अडचण एवढीच, की मूळ पत्रा अरुंद असेल तर वर कितीही फोम चढवा, मांडीला आधार मिळत नाही. उलट उंची वाढून सिग्नलला पाय टेकेनासे होतात.