पाहुण्या प्रेक्षकांना जागा कुठे?

हार्वर्ड विद्यापीठाच्या बोस्टन येथील ब्राइट-लँड्री हॉकी सेंटरमध्ये कॉर्नेलचा संघ खेळायला येतो, तेव्हा यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे प्रेक्षकांच्या आवाजावरून नवख्या माणसाला ओळखता येणार नाही. जेमतेम तीन हजारांच्या या प्रेक्षागृहात लाल रंगाचीच गर्दी दिसते आणि घोषणाही कॉर्नेलच्याच ऐकू येतात. कॉर्नेलच्या स्वतःच्या मैदानाचे नाव लायना रिंक. म्हणून त्याच्या समर्थकांनी हार्वर्डच्या मैदानाला ‘लायना ईस्ट’, म्हणजे लायनाची पूर्वेकडील शाखा, असे नाव ठेवले आहे. कॉर्नेलचे गाव इथाका तेथून पाचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही ही वारी वर्षानुवर्षे चुकलेली नाही.

हॉकी म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. अमेरिकेच्या ईशान्य आणि उत्तर-मध्य भागात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि तिथल्या अनेक लहान शहरांत तिचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे विद्यापीठाचा संघ. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्यांना खेळाडूंचे मित्र सोडले तर कुणी फिरकत नाही. तिथे हंगामी तिकिटासाठी रांगा लागतात आणि संघ परगावी निघाला की त्याच्या मागे मोटारींचाही ताफा निघतो. या प्रवासी प्रेक्षकावर अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीच्या अर्थकारणाचा एक मोठा भाग उभा राहिला होता. गेल्या दशकभरात हा आधार खचू लागला असून, त्याला जबाबदार प्रेक्षक नाहीत, तर स्पर्धा आखणारे आहेत.

प्रवासाला अनुकूल वेळापत्रक

राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे ‘एनसीएए’च्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठाहून अधिक हॉकी संघ आहेत. नियमित हंगामात एका संघाला साधारणतः ३४ सामने खेळता येतात आणि त्यांतील बहुतेक शुक्रवार-शनिवारी होतात. पश्चिमेकडील गटांत एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन रात्री लढत होते. पूर्वेकडील ‘ईसीएसी’ या गटात विद्यापीठांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. कॉर्नेलचा जोडीदार कोलगेट आणि हार्वर्डचा डार्टमथ. त्यामुळे कॉर्नेलचा संघ एका रात्री बोस्टनला आणि दुसऱ्या रात्री सुमारे दोनशे किलोमीटरवरील हॅनोव्हरला खेळतो. एका प्रवासात दोन सामने आणि रविवारी घरी परत, अशी ही सोय आहे. ती मुळात संघांचा खर्च वाचवण्यासाठी केली गेली. पण तिच्यामुळे नोकरदार समर्थकालाही संघामागे जाणे परवडू लागले.

या प्रवासामागे निव्वळ हौस नसते. वैरालाही इतिहास असतो. कॉर्नेलमध्ये शेतीचे शिक्षण दिले जाते, याची टिंगल म्हणून हार्वर्डच्या समर्थकांनी १९७३ मध्ये मेलेली कोंबडी बर्फावर आणली, असे सांगितले जाते. त्याची परतफेड म्हणून हार्वर्डचा संघ लायना रिंकवर उतरताच आजही त्याच्या दिशेने मासे फेकले जातात. हा पोरकटपणा आहे, यात शंका नाही. मात्र पदवी घेऊन वीस-तीस वर्षे झालेला माणूसही याच पोरकटपणासाठी गाडी बाहेर काढतो, हे विद्यापीठांच्या चांगलेच लक्षात आले आहे. कॉर्नेल आणि बोस्टन विद्यापीठ यांनी २००७ मध्ये थेट न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना ठेवला आणि ते भव्य सभागृह भरले. त्यानंतर दर दोन वर्षांनी तेथे सामना घेण्याचा प्रघातच पडला. नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटा यांनी २०१८ मध्ये लास वेगासमध्ये सामना खेळला. दोघांपैकी एकाही विद्यापीठाचा त्या वाळवंटी शहराशी संबंध नव्हता. संबंध होता तो प्रवासाला तयार असलेल्या समर्थकांशी.

जुनी घडी विस्कटली

या उत्साहाच्या भरवशावरच गटांच्या अंतिम स्पर्धा त्रयस्थ ठिकाणी घेण्याची पद्धत रुळली. तिचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे ‘डब्ल्यूसीएचए’ या गटाची ‘फायनल फाइव्ह’ ही स्पर्धा. २००१ ते २०१३ या काळात ती सेंट पॉल येथे, त्या वेळी एक्सेल एनर्जी सेंटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे १८ हजार आसनांच्या सभागृहात होत असे. मिनेसोटाचे समर्थक शेजारच्याच शहरातून येत, विस्कॉन्सिन आणि डुलुथचे काही तासांत पोहोचत, आणि नॉर्थ डाकोटाचे समर्थक ग्रँड फोर्क्सहून सुमारे पाचशे किलोमीटर गाडी हाकत. मार्चमधल्या हिमवादळांची त्यांना पर्वा नसे. ग्रँड फोर्क्स हे साठ हजारांच्या आसपास वस्तीचे शहर. पण २००१ मध्ये बांधलेले त्याचे हॉकी सभागृह साडेअकरा हजारांहून अधिक आसनांचे आहे. अशा शहराला सेंट पॉल म्हणजे दुसरे घरच वाटे.

२०१३ मध्ये ही घडी विस्कटली. पेन स्टेट विद्यापीठाने पहिल्या श्रेणीत संघ उतरवल्यामुळे ‘बिग टेन’ या बलाढ्य गटाकडे हॉकी खेळणारी सहा विद्यापीठे झाली आणि त्याने स्वतःची हॉकी स्पर्धा सुरू केली. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन तिकडे गेले. उरलेल्यांपैकी मातब्बरांनी ‘एनसीएचसी’ हा नवा गट काढला आणि १९७१ पासून चालत आलेला ‘सीसीएचए’ हा जुना गट बंद पडला. तो पुढे २०२१ मध्ये नव्या रूपात परतला. नव्या रचनेमागची प्रेरणा उघड होती. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण आणि नावाचे वजन यांना महत्त्व आले. अंतराचा विचार मात्र मागे पडला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. बिग टेनची अंतिम स्पर्धा २०१४ ते २०१७ या काळात सेंट पॉल आणि डेट्रॉइट येथे आलटून पालटून भरली. सेंट पॉलला भरली की पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि मिशिगनचे समर्थक दूर पडत. डेट्रॉइटला भरली की मिनेसोटाचे. मोठमोठ्या सभागृहांतील रिकाम्या खुर्च्या पाहून अखेर २०१८ पासून सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी नेण्यात आले. एनसीएचसीने अधिक काळ तग धरला. मात्र डेन्व्हरपासून ओहायोतील मायामीपर्यंत पसरलेल्या आणि २०२४ मध्ये ॲरिझोना स्टेटलाही सामावून घेतलेल्या या गटाने २०२६ पासून अंतिम स्पर्धा विद्यापीठांच्या मैदानांवर घेण्याचा निर्णय केला.

यावरून समर्थकांची निष्ठा आटली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘हॉकी ईस्ट’ या गटाची अंतिम स्पर्धा बोस्टनच्या मध्यवर्ती सभागृहात होते. कारण त्या गटातील बहुतेक विद्यापीठे तेथून काही तासांच्या टप्प्यात आहेत. ईसीएसीने २०११ मध्ये आपली स्पर्धा समुद्रकिनाऱ्यावरील अटलांटिक सिटीला नेली होती. तो प्रयोग तीनच वर्षे टिकला. २०१४ पासून ती पुन्हा लेक प्लॅसिडला आली. हे चिमुकले डोंगरी गाव गाठणे सोपे नाही. परंतु १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळाडूंनी सोव्हिएत संघाला जिथे हरवले, ते हे ठिकाण. प्रवासाला अर्थ असेल आणि अंतर आवाक्यातले असेल, तर प्रेक्षक येतो. नकाशा न पाहता ठिकाण ठरवले, तर येत नाही.

राष्ट्रीय स्पर्धेचा पेच

हाच प्रश्न राष्ट्रीय स्पर्धेत अधिक टोकदार होतो. १९४८ मध्ये ती कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे चार संघांनिशी सुरू झाली आणि पहिली दहा वर्षे तिथेच झाली. २००३ पासून तिच्यात १६ संघ असतात आणि त्यांची विभागणी चार प्रादेशिक केंद्रांत होते. कोणता संघ कुठे खेळणार, हे सामन्यांच्या जेमतेम आठवडाभर आधी जाहीर होते. तेवढ्या अवधीत विमानाचे तिकीट, हॉटेल आणि रजा यांची जुळवाजुळव करायची. आणि संघ पहिल्याच लढतीत हरला तर उरलेल्या तिकिटाचे करायचे काय, हा प्रश्न असतोच. २०२५ मध्ये वेस्टर्न मिशिगनला कलामझूहून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या फार्गोला जावे लागले. त्याच केंद्रावरील मिनेसोटाचे समर्थक त्या मानाने जवळचे. पण त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात मॅसॅच्युसेट्सकडून पराभूत झाला. वेस्टर्न मिशिगनने तिथून पुढे जाऊन सेंट लुईसमध्ये आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्या यशाचा मार्ग ज्या सामन्यांतून गेला, ते त्याच्या बहुसंख्य समर्थकांना दूरचित्रवाणीवरच पाहावे लागले.

म्हणूनच प्रादेशिक सामनेही वरच्या मानांकित संघांच्या घरी खेळवावेत, ही मागणी अनेक वर्षे होत आहे. विरोधकांचा युक्तिवादही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एका पराभवाने हंगाम संपणार असेल, तर तो सामना प्रतिस्पर्ध्याच्या घरी खेळायला लावणे न्याय्य नाही, असे ते म्हणतात. प्रत्यक्षात आजची त्रयस्थता तरी कितपत खरी आहे? केंद्राचे यजमानपद घेणारे विद्यापीठ पात्र ठरले, तर त्याला त्याच केंद्रावर खेळवले जाते, मग त्याचे मानांकन काहीही असो.

समर्थकाची किंमत

हा केवळ तिकीटविक्रीचा प्रश्न नाही. अलास्का-अँकरेज विद्यापीठाने २०२० मध्ये हॉकी संघ बंद करण्याचा निर्णय घेतला आणि दोन वर्षांचा खर्च उभा केला तर फेरविचार करू, अशी अट घातली. समर्थक आणि माजी खेळाडूंनी २०२१ पर्यंत सुमारे ३० लाख डॉलर जमवले आणि २०२२ मध्ये संघ पुन्हा बर्फावर उतरला. देशाच्या एका कोपऱ्यातला, कधीही राष्ट्रविजेता न ठरलेला हा संघ वाचला तो समर्थकांच्या खिशातून. पुढचा काळ तर अधिक कठीण आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो आणि पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार, हे उघड आहे. अशा वेळी हॉकीसारख्या खेळाची बाजू घेणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा परगावच्या सामन्याला जाणाराच असतो.

घरच्या मैदानाकडे परतण्याचा कल त्यामुळे समजण्यासारखा असला, तरी त्यात एक धोका आहे. लायनासारख्या चार हजारांच्या रिंकमध्ये हंगामी तिकीटधारकांना जागा दिल्यावर पाहुण्यांच्या वाट्याला काय उरणार? वातावरण तापते ते एका बाजूच्या ओरडण्याने नव्हे, तर दुसऱ्या बाजूने येणाऱ्या प्रत्युत्तराने. अंतिम टप्प्याचे सामने विद्यापीठांच्या घरी न्यायचे असतील, तर पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ठरावीक जागा राखून ठेवणे यजमानांना बंधनकारक करायला हवे. नियमित हंगामाचे वेळापत्रक आखतानाही जुन्या वैऱ्यांची भेट आणि नकाशावरचे अंतर यांना प्रक्षेपणाच्या सोयीइतकेच वजन मिळायला हवे.

पाचशे किलोमीटर गाडी हाकत येणारा समर्थक संघाकडे काही मागत नाही. त्याला बसायला जागा हवी असते आणि ओरडायला समोर प्रतिस्पर्धी हवा असतो. या दोन गोष्टीही खेळाचे चालक त्याला देऊ शकले नाहीत, तर एके दिवशी तो घरी बसून सामना पाहायला शिकेल. त्या सवयीतून त्याला पुन्हा बाहेर काढणे मग कोणत्याही वेळापत्रकाला साधणार नाही.