बापाची मेंढी आणि बहिणीचा हिस्सा

परवा जुम्म्याच्या नमाजनंतर एका सद्गृहस्थांनी मला अडवले. "सर, वर्गात कन्फ्यूशियस कशाला सांगता? त्याच्याकडून आपण काय अखलाक शिकायचे?"

अहो, इसवी सनापूर्वी 551 मध्ये जन्मलेला हा माणूस. तबेला जळाला तेव्हा त्याने माणसांना काही झाले का, एवढेच विचारले. घोड्यांची चौकशी केली नाही. याला तो 'रेन' म्हणतो, म्हणजे माणुसकी. आईबापांना नुसते खाऊ घातले म्हणजे सेवा झाली नाही, खायला तर आपण जनावरांनाही घालतो, हेही त्याचेच. सूरह बनी इस्राईल वाचणाऱ्याला यात परके काय वाटावे? सतराव्या-अठराव्या शतकांतल्या वांग दाईयू, लिउ झी या चिनी मुसलमान आलिमांना वाटले नाही. त्यांनी कन्फ्यूशियसच्याच शब्दांत, चिनी भाषेत इस्लाम मांडला. (आपल्याकडे मराठीत दीनवर लिहिले तर अजून भुवया चढतात.)

माझे भांडण वेगळे आहे. बापाने मेंढी चोरली आणि मुलाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, हे एका सरदाराने कौतुकाने सांगितले. कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडे मुलगा बापाचे झाकतो, बाप मुलाचे. सचोटी त्यातच आहे. इथे मी त्याच्याबरोबर नाही. सूरह निसाची 135वी आयत आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी खरी साक्ष द्यायला सांगते.

पण आपण कोणाच्या बाजूने आहोत? तळेगावची एमआयडीसी नवलाख उंबऱ्यापर्यंत आली, जमिनीला भाव आला, आणि घराघरांत बहिणींपुढे हक्कसोडपत्रे आली. निसाच्याच 11व्या आयतीत मुलीचा हिस्सा आहे, तो तेव्हा कोणाला आठवला नाही. 'अब्बांचा शब्द मोडायचा नाही,' एवढेच आठवले. माझ्या घरी आपाने सही केली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. नंतर सगळ्यांना चहाही मीच आणून दिला.

बरे, कन्फ्यूशियससुद्धा गप्प बसायला सांगत नाही. आईबाप चुकत असतील तर अदबीने समजवा, ऐकले नाही तरी अदब सोडू नका, पण समजवणेही सोडू नका, असे तो म्हणतो. मी तेवढेही केले नाही.

तेव्हा मला अखलाक विचारणाऱ्या सद्गृहस्थांनी आधी एवढेच सांगावे: त्यांच्या सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत का?